बाजरीला फुटलेला पान्हा

श्रावणातल्या झडीत बोरमाळच्या रस्त्यावर एवढी माणसं कधी कुणी पाहिली नव्हती. साक्रीहून सुटणाऱ्या काळ्यापिवळ्या जीपगाड्या टपापर्यंत भरून येत होत्या. बांधाला मोटारसायकली टेकवलेल्या, बायकांच्या साड्या गुडघ्यापर्यंत चिखलात, लेकरं बापांच्या खांद्यावर. आणि सगळ्यांची तोंडं दीपकच्या वावराकडे. तिथं डोक्याच्या वर गेलेली बाजरी उभी होती आणि तिच्या कणसांतून दूध गळत होतं.

हे खोटं नव्हतं. दुधी, किंचित गुलाबी, मधासारखे चिकट थेंब कणसाच्या फुलोऱ्यातून बाहेर यायचे आणि पानावर ओघळायचे. लोक बोटानं ते टिपत, जिभेला लावत. "गोड! गोड शे!" असा गलका उठे, मागचे पुढं रेटत आणि पुन्हा बोटं कणसाकडे जात.

वावराच्या मधोमध बाजरी कापून जागा केली होती. ताडपत्रीखाली खाटेवर दुग्धनाथ महाराज बसले होते. हे नाव त्यांनी बोरमाळला आल्यावर घेतलं होतं. आधीचं कुणी विचारलं नाही.

"ही बाजरी नाही, बाबांनो, ही माय आहे!" महाराज मोरपिसांचा कुंचा हवेत फिरवत म्हणाले. "मायला पान्हा कधी फुटतो? लेकरू रडलं की! तुम्ही रडलात, मायला पान्हा फुटला! अरे, या कलियुगात म्हशीला इंजेक्शन द्यावं लागतं. इथं बाजरी बिनइंजेक्शनाची दूध देते! आहे का सायन्सवाल्यांकडं उत्तर?"

"नाही!" गर्दी ओरडली.

सायन्सवाला तिथं कुणी आलाच नव्हता, त्यामुळे महाराजांचा विजय दर वेळी बिनविरोध होई.

दीपकची बायको पुनम बांधावर उभी राहून हे ऐकत होती. कडेवर तिची चार महिन्यांची छकुली होती. पुनम जळगावच्या पिंप्राळ्यातली, रिक्षावाल्याची मुलगी, बारावी सायन्स झालेली. सायन्सवाल्यांना हाक मारली की तिला उगाच आपलं नाव पुकारल्यासारखं वाटे. पण ती या घरची सून होती, आणि घराचं नशीब उजळलं होतं. ती गप्प राही. तिचं लक्ष थेंबांपेक्षा माश्यांकडे जाई. कणसाकणसावर माश्या आणि मुंग्या बसलेल्या. गर्दी गेल्यावर वावरातून एकसारखी घूं घूं ऐकू येई.

आषाढ सरता सरता पहिला थेंब तिच्या सासूनं, भिकुबाईनं पाहिला होता. आभाळ आठवडाभर उघडलं नव्हतं. शेजारचे तोताराम आबा तेव्हाच येऊन बघून गेले होते. "हाऊ रोग शे, भो," ते दीपकला म्हणाले होते. "ज्वारीवर चिकटा पडस, तसाच. मना बाप असा कणसं तोडीसन जाळे." दीपक कणसं तोडायला निघालाही होता. पण दुसऱ्याच दिवशी कुठूनसे महाराज उगवले, बांधावर आडवे पडले, दंडवत घातला आणि ढसाढसा रडले. रडणाऱ्या माणसाला रोग कसा दाखवणार? दीपकनं विळा खाली ठेवला.

मग सगळंच बदललं. महाराजांनी फर्मान काढलं: कणीस तोडायचं नाही, औषध मारायचं नाही. "मायच्या तोंडात विष घालाल काय?" रोज सकाळी ते पितळी कमंडलूत कणसांचं दूध उतरवून घेत, त्यात पाणी घालत आणि ज्याचं आमंत्रण असेल त्याच्या वावरात जाऊन कुंच्यानं ते फुलोऱ्यावर शिंपडत. आठवडा उलटला की त्या वावरातही पान्हा फुटे. गाव वेडं झालं. शिंपण करून घ्यायला लोक हातापाया पडू लागले.

तोताराम आबांच्या मुलानंही बापाला न विचारता महाराजांना नेलं. पण आबांची बाजरी लवकर पेरलेली, तिच्यात दाणा भरत आलेला. तिथं काही गळलं नाही.

"श्रद्धा कमी," महाराज म्हणाले. "मालकाच्या पोटात पाप आहे."

त्या दिवसापासून आबांना पारावर कुणी जागा देईना.

राखीपौर्णिमेपर्यंत दीपकच्या बाजरीतलं दूध आटलं. त्या जागी दाण्यांऐवजी काळपट, टणक, उंदराच्या लेंडीसारख्या गाठी दिसू लागल्या. पुनमला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. पण महाराजांकडं प्रत्येक गोष्टीला नाव तयार असे.

"शाळिग्राम!" ते कडाडले. "दुधातून देव घट्ट झाला!"

ती कणसं खुडून, वाळवून, काळ्या गाठींसकट दळून त्या पिठाचा गूळ घालून मलिदा होऊ लागला. रोज दुपारी प्रसाद. प्रसाद खाल्ला की तासाभरात माणसं डोलायला लागत. कुणी भोवळ येऊन पडे, कुणी ओकारी काढी, कुणी दिवसभर झापड आल्यासारखं पडून राही.

"ओकतो त्याचं पाप बाहेर पडतं," महाराज सांगत. "झोपतो तो समाधीत आहे. उठवू नका!"

वावर ज्यांचं, त्या घरानं प्रसाद पोटभर खायचा असा नियम होता. भिकुबाई मोठ्या भक्तीनं सुनेपुढं ताट ठेवी. "खाई ले, पोरी. परसादले नही म्हनू नको. देवीनी आपलं घर निवडं, असं नशीब कोनले भेटस?"

पुनम खाई. खाल्ल्यावर घर फिरल्यासारखं वाटे. आणि चार-पाच दिवसांत तिच्या ध्यानात आलं की छकुली अंगावर पिता पिता तोंड काढून रडतेय. आधी तिला वाटलं, पोटात दुखत असेल. मग एका दुपारी तिनं स्वतः पिळून पाहिलं. एक थेंबही आला नाही.

दारात शेळी होती, तिचं दूध द्यावं म्हणून ती चरवी घेऊन गेली. शेळीची कासही लोंबत होती, रिकाम्या पिशवीसारखी. शेळीला रोज प्रसादाच्या कणसांचा उरलेला चुरा पडत होता.

भिकुबाई घाबरली. सुनेला आणि नातीला घेऊन ती महाराजांकडे गेली. पुनम मागं उभी होती. छकुलीचा रडण्याचा आवाज आता बारीक झाला होता, दूरच्या मांजराच्या पिलासारखा.

महाराजांनी डोळे मिटले. ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"माई," ते हळूच म्हणाले, "एवढ्या वावराला दूध पाजायचं, तर मायनं ते आणायचं कुठून? तिनं तुझ्या सुनेचं घेतलं. हिच्या मनात संशय आहे ना, म्हणून हिचंच घेतलं. बघा, नाल्याकाठच्या तुकड्यात पान्हा फुटला का? नाही. तो तुकडा कुणी पेरला?"

नाल्याकाठचा तुकडा उशिरा पेरलेला. तो पुनमनं पेरला होता, तिनंच निंदला होता. चूक नसताना चोरासारखं वाटावं, अशी ती वेळ होती.

"मग उपाय?" भिकुबाईनं पदर पसरला.

"पोळ्याच्या दिवशी दीपकनं हे वावर मायच्या नावानं सोडावं. इथं मठ होईल. माय तृप्त झाली, की लेकराचं दूध परत करील. नाही सोडलं तर..." महाराजांनी छकुलीकडं पाहिलं आणि वाक्य तसंच टाकलं.

घरी आल्यावर पुनम नवऱ्याला म्हणाली, "अहो, माझ्या मनात संशय होता, मान्य. शेळीच्या मनात काय होतं?"

दीपकला भक्तांकडून हार घालून घ्यायची सवय लागली होती. तो चटकन दाराकडं बघून म्हणाला, "हळू बोल. लोक ऐकी राह्यनात."

"ऐकू द्या. पोर वाळत चालली आहे."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, हे तिला कळलं. सकाळी तो स्वतःच म्हणाला, "बाजाराचा दिवस शे. साक्रीले जाई ये. मी आईले सांगस, बांगड्या भराले गयी."

डॉक्टर रत्ना अहिरराव यांचा दवाखाना साक्रीच्या बाजारपेठेमागं होता. त्यांनी छकुलीला तपासलं, आधी तिच्या पोटात दूध जाईल अशी सोय केली आणि मग पुनमकडं वळल्या.

"गेल्या आठवड्यात बोरमाळचे कितीतरी पेशंट आले," त्या म्हणाल्या. "भोवळ, उलट्या, गुंगी. आणि सगळे शपथेवर सांगतात, काही खाल्लं नाही. तू सांग, काय खाल्लंस?"

"प्रसाद."

"प्रसाद खाणं नसतं का, ग?" डॉक्टर वैतागल्या, आणि मग थबकल्या. "कसला प्रसाद?"

पुनमनं पदराची गाठ सोडली. आदल्या दिवशीचा मलिदा आणि मूठभर कणसं तिनं बांधून आणली होती. डॉक्टरांनी काळी गाठ नखानं फोडली, भिंगाखाली धरली, फोटो काढला आणि धुळ्याला शेतकी शिकवणाऱ्या आपल्या एका वर्गमित्राला पाठवला. त्याचा फोन लगेच आला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे पुनमनं सगळं ऐकलं.

"अरगट आहे हा, रत्ना. बुरशी! फुलोऱ्यात ढगाळ हवा, झिमझिम पाऊस असला की धरते. आधी चिकट दूध गळतं, त्यात बुरशीचं बी असतं. माश्या, पाऊस ते दुसऱ्या कणसांवर नेतात. मग दाण्याऐवजी काळ्या गाठी होतात. विषारी आहेत त्या. खाल्ल्या की भोवळ, उलट्या. गुरांनी खाल्ल्या तर दूध आटतं. हे कुणी खातंय की काय?"

"गाव खातंय," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बाळंतिणीसुद्धा."

पुनमला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि रागातच तिनं विचारलं, "सर, ते दूध पाण्यात कालवून फुलोऱ्यावर शिंपडलं तर?"

"तर रोग पेरल्यासारखं होईल. आठवडाभरात तिथंही गळायला लागेल. पण ज्या कणसात दाणा धरला, त्याला सहसा काही होत नाही."

तोताराम आबांच्या पोटातलं पाप म्हणजे नेमकं काय होतं, ते पुनमला आता कळलं.

डॉक्टर तिथल्या तिथं पोलिसांना फोन लावायला निघाल्या. "प्रसाद आजच बंद करायला हवा."

"बंद करा, पण नुसता हुकूम नको," पुनम म्हणाली. "त्यांना पकडून नेलं तर गाव म्हणेल, देवमाणसाला छळलं. आमच्या घराला दोष देईल आणि कणसं तशीच ठेवील. लोकांच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे."

डॉक्टरांनी फोन खाली ठेवला, पण हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. दुसऱ्याच दिवशी आरोग्य खात्याची माणसं घरोघर जाऊन सांगून आली, की पोटाची साथ आहे, बाहेरचं काही खाऊ नका. काहींनी ऐकलं, काहींनी दार लावून घेतलं. आणि पुनमनं ताटातला प्रसाद गुपचूप पदरात टाकत आपलं काम केलं.

महाराज दुपारी आडवे झाले की त्यांचा कमंडलू मोकळाच पडलेला असे. तिनं त्यातलं, आता दुसऱ्या वावरांतून उतरवलेल्या दुधाचं, वाटीभर तीर्थ घेतलं आणि नाल्याकाठच्या तुकड्यात गेली. तिथली बाजरी नुकतीच फुलोऱ्यात आली होती. तिनं एका ओळीतल्या कणसांवर छकुलीच्या जुन्या झबल्यांच्या पिशव्या करून बांधल्या. शेजारच्या ओळीवर तीर्थ शिंपडलं. स्वतः पेरलेल्या पिकावर स्वतःच्या हातानं रोग टाकायचा, हे तिला फार जड गेलं. ना मंत्र म्हटला, ना दिवा लावला. मनात देवीचं नाव तर मुळीच नव्हतं. होता तो नुसता संताप.

तोताराम आबा बांधावरून बघत होते. ती जवळ आली तेव्हा एवढंच म्हणाले, "मी साक्षीले उभा राहसू."

पोळ्याच्या दिवशी झड थांबली होती, पण आभाळ काळंच होतं. बैल सजवून झाले, आणि मिरवणूक मारुतीच्या पाराऐवजी दीपकच्या वावराकडं वळली. महाराज नवी भगवी कफनी घालून उभे होते. दीपक अंघोळ करून, टोपी घालून त्यांच्यापुढं बसला होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"आज हे वावर मायचं होणार!" महाराजांनी सुरुवात केली. "ज्या घरात संशय आला, त्या घरात लेकरू उपाशी राहिलं. पाहिलंत ना डोळ्यांनी?"

"थांबा, महाराज." पुनम पुढं आली. "माझ्या तुकड्यात देवी येत नाही म्हणालात. चला, बघायला चला."

गर्दीत कुजबुज झाली. तोताराम आबा पुढं झाले आणि त्यांच्यामागं, कुतूहल भक्तीपेक्षा चिवट असल्यामुळं, महाराजांसकट सगळं गाव निघालं. नाल्याकाठच्या तुकड्यात एका ओळीतली कणसं दुधी थेंबांनी ठिबकत होती. माश्या उठल्या. शेजारच्या ओळीतल्या पिशव्या पुनमनं एकेक सोडल्या. आतली कणसं कोरडी, हिरवी, स्वच्छ.

"हे दूध मी आणलं," ती म्हणाली. "महाराजांच्या तीर्थानं. मंत्र नाही, श्रद्धा नाही. मी पापी ना? मग माझ्या हातून देवी कशी आली?"

महाराज गांगरले, पण क्षणभरच. लगेच त्यांनी दोन्ही हात वर केले. "धन्य! धन्य! माय प्रसन्न झाली! पोरीचा संशय धुतला गेला, बोला..."

आणि लोक खरोखरच जयजयकार करू लागले. एवढं दाखवूनही हा माणूस तेच आपल्या झोळीत टाकत होता.

डॉक्टर रत्ना गर्दीत होत्या. त्यांनी बरोबर आणलेल्या पाण्याच्या बादलीत मीठ ढवळलं आणि प्रसादाच्या ढिगातून उचलून आणलेली बाजरी तिच्यात ओतली. चांगले दाणे तळाला गेले. काळ्या गाठी वर आल्या, बादलीचं तोंड काळं झालं. "या बुरशीच्या गाठी आहेत. विषारी आहेत," त्या ओरडून सांगत होत्या. "तुमच्या भोवळीचं, उलट्यांचं कारण हे आहे!"

"शाळिग्राम तरला!" महाराजांचा एक चेला किंचाळला. पुन्हा जयजयकार.

तेव्हा भिकुबाई पुढं आली. तिच्या हातात मलिद्याची वाटी होती. ती भांडायला आली नव्हती. तिची श्रद्धा अजून पक्की होती, आणि सुनेनं चारचौघांत महाराजांना उलटं बोलावं याची तिला लाज वाटत होती.

"महाराज," ती हात जोडून म्हणाली, "आज पहिला घास तुम्ही ल्या. म्हंजे मनी सूननं तोंड बंद व्हई जाई."

"माई, माझं व्रत आहे."

"आज पोळा शे. व्रत सोडानीच येळ शे. ल्या."

"मी अन्न घेत नाही, माई. मी वाऱ्यावर जगतो."

"काल सांजले मीच तुमले पुरनपोळी दिधी," भिकुबाई भाबडेपणानं म्हणाली. गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. तिनं वाटी त्यांच्या तोंडाजवळ नेली. "एकच घास."

महाराज एक पाऊल मागं सरले. वाटी पुढं आली, ते आणखी मागं सरले. आता हसणं थांबलं होतं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांशिवाय आवाज नव्हता. इतके दिवस हा माणूस सगळ्या गावाला मूठ मूठ मलिदा भरवत होता. त्याला स्वतः कधी खाताना कुणी पाहिलं होतं? जो तो आठवू लागला, आणि कुणालाच आठवेना.

भिकुबाईचा हात खाली आला. ती त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली.

"मनी नात उपाशी राह्यनी, महाराज," ती हळू म्हणाली. "तिनं बी व्रत व्हतं का?"

महाराज पळाले. कफनी वर धरून, बाजरीतून वाट काढत, नाल्याच्या दिशेनं. पण काठाशी पोलीस उभे होते. डॉक्टरांनी सकाळीच कळवलं होतं. झोळीत तीर्थाच्या बंद बाटल्या सापडल्या. चौकशीत पुढं उघड झालं की गेल्या पावसाळ्यात सीमेपलीकडच्या एका गुजराती खेड्यात त्यांनी हाच खेळ केला होता. तिथं कणसं पहिल्यांदा आपोआप गळली, आणि ते चिकट हात धुतलेलं पाणी जिथं पडलं तिथंही गळली, एवढं त्यांनी पाहून ठेवलं. कापणीआधी ते तिथून निघून गेले. मागं काय उरलं, ते बघायला थांबले नाहीत.

बोरमाळला मात्र ते बघावं लागलं. शिंपण झालेल्या वावरांतली कणसं खुडून जाळावी लागली. ओली असल्यामुळं ती नीट जळेनात. दोन दिवस गावावर कडवट धूर बसून होता. ज्यांनी आमंत्रणं देऊन रोग घरी आणला होता, ते एकमेकांच्या नजरा चुकवत होते. दीपक तोताराम आबांच्या ओट्यावर जाऊन बसला. आबांनी चहा मागवला.

पुनमचं दूध हळूहळू परत आलं, पूर्ण नाही. छकुली वाचली. पण आणखी चार दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं, हा विचार भिकुबाईच्या मनातून गेला नाही. ती देवीला रोज दिवा लावी, पण नातीला मांडीवर घेऊनच.

पुढं डॉक्टरांनी शाळेत बायकांची बैठक घेतली आणि बोलायला पुनमलाच उभं केलं. तिनं आधी कामाचं सांगितलं: बी पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवा, वर तरंगेल ते काढून जाळा, खालचं बी स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवा. रोग पडलेल्या वावरात खोल नांगरट करा, पुढच्या वर्षी बाजरी नको, दुसरं पीक घ्या. कणीस गळताना दिसलं की तोडा.

मागून एका बाईनं विचारलं, "अन् खरंच देवी राह्यनी तर?"

पुनमनं त्या बाईकडं वळून पाहिलं.

"देवी असेल तर तिला प्रश्नांची भीती नसणार," ती म्हणाली. "भीती महाराजांना होती. म्हणून त्यांनी कुणाला कणीस तोडू दिलं नाही, कुणाला आबांचं ऐकू दिलं नाही. माझी मुलगी रडून सांगत होती, शेळी न बोलता सांगत होती, तरी आपण एका माणसाचंच ऐकत राहिलो. यापुढं कुणी काही खायला दिलं, वावरात काही शिंपडायला आला, तर आधी विचारा: हे काय आहे? याचं काय होतं? आणि तुम्ही स्वतः खाल का? एवढं विचारल्यावर जो चिडेल, त्याला वेशीबाहेरचा रस्ता दाखवा."

मग एकेक बाई आपापल्या घरातली बाजरी पिशवीत घालून आणू लागली, आणि शाळेच्या पडवीत मिठाच्या पाण्याची बादली पुन्हा पुन्हा भरली जाऊ लागली.